पावसाळ्यातले निवडुंग

[पडद्यावर: जुलैची रात्र. गॅलरीत एकच दिवा. बाहेर पावसाची रिपरिप.]

रात्रीचे साडेदहा वाजलेत. नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतली ही आमची गॅलरी. आईनं शेजारच्या तिन्ही घरी निरोप धाडलाय, "ब्रह्मकमळ उमलतंय, या लवकर." कुणी हात जोडलेत, कुणी मोबाईल धरून उभं आहे. फुलाला हळदकुंकू लागलं. अकरापर्यंत वास जिन्यात पोचेल, आणि सकाळी हेच फूल मान टाकून लोंबत असेल.

हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आपल्याकडे घरोघरी आहे ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत, झाडांच्या फांद्यांवर वाढणारं निवडुंग. म्हणजे मी कॅक्टस जमवायला लागले त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात एक कॅक्टस होता, आणि आम्ही त्याला दरवर्षी नमस्कार करत होतो.

[पडद्यावर: पानाची कडा, अगदी जवळून.]

हे पान बघा. खरं तर हे पान नाही, चपटं झालेलं खोड आहे. कडेला खाचा आहेत आणि एकेका खाचेत बारीक राखाडी ठिपका. भिंगातून पाहिलं तर लोकरीची इवलीशी गादी दिसते. कळी येते ती तिथूनच. याला अॅरिओल म्हणतात. काटे असोत वा नसोत, ही गादी असली की झाड कॅक्टस. बांधावरचा शेर किंवा तीनधारी निवडुंग मोडलं तर पांढरा चीक येतो, पण ही गादी त्यांना नसते. ती एरंडाच्या कुळातली. कोरफड, घायपात, पानफुटी यांच्यातही पाणी साठतं, तीही सक्युलंट, पण कॅक्टस नव्हेत. एखादा अपवाद सोडला तर सगळे कॅक्टस मूळचे अमेरिका खंडांतले.

[पडद्यावर: गच्ची. पारदर्शक पत्र्याखाली ओळीनं मांडलेल्या कुंड्या.]

मी विकत घेतलेलं पहिलं झाड होतं गोल्डन बॅरल. नारळाएवढं, काटे सोन्याच्या तारेसारखे. मे महिना उन्हात झकास काढला त्यानं. ऑगस्टमध्ये सलग नऊ दिवस ऊन पडलं नाही. दहाव्या दिवशी कुंडी सरकवायला गेले तर झाड हातातच कलंडलं. वरून हिरवंगार, काटे तसेच चमकणारे. बुडाशी अंगठा टेकवला तो सरळ आत गेला. सडक्या काकडीसारखा वास आला. त्याचं वाईट मला अजून वाटतं, कारण हे झाड माणसाच्या आयुष्याइतकं जगतं. मेक्सिकोत त्याच्या रानातल्या जागेचा एक भाग झिमापान धरणाच्या पाण्याखाली गेला. बागांमधून ही झाडं मुबलक आहेत, रानात मात्र थोडीच उरलीत.

मी तर त्याला पाणीही घालत नव्हते. चूक कुंडीच्या आत होती. नर्सरीतून झाड येतं ते कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या गोळ्यात. तो वाळला की पाणी घेत नाही आणि भिजला की सोडत नाही. त्याभोवती मी मामांच्या शेतातली काळी माती भरली होती, द्राक्षाला मानवते म्हणून. मुळांना हवाच मिळाली नाही.

आता नवं झाड आलं की आधी तो गोळा बोटांनी हलके मोकळा करते. मुळं दोन दिवस सावलीत सुकू देते. कुंडीत तीन भाग चाळलेला मुरूम आणि विटांचा चुरा, एक भाग गांडूळखत. चाळणीतून खाली पडलेली पूड वापरायची नाही, चिखल तिचाच होतो. वरून तांब्याभर पाणी ओतलं की भोकातून लगेच धार लागली पाहिजे. ती लागली नाही तर कुंडी पुन्हा भरायची. बाकी पंचवटीतल्या कुंभाराकडची साधी मातीची कुंडी सगळ्यात चांगली, तिच्या अंगातूनही ओल उडते.

नाशकात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या मानानं हे थोडंच, पण चार महिन्यांत पडतं आणि सोबत ढग असतात. म्हणून माझ्या गच्चीवर झाडाची जागा पाऊस ठरवतो. ब्रह्मकमळ पत्र्याबाहेर. ड्रॅगन फ्रूटही बाहेर. फुगीर बुंध्याच्या अडेनियमला पाऊस चालतो, कुंडीत साचलेलं पाणी चालत नाही. गोल्डन बॅरल, मॅमिलेरिया, अॅस्ट्रोफायटम हे कॅक्टस जूनच्या पहिल्या सरीआधी पत्र्याखाली जातात, आणि चारी बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली शेडनेट लागते, कारण पश्चिमेच्या उन्हानं पडलेला डाग पुन्हा कधी जात नाही.

नाशिकची एक गोष्ट या झाडांना फार मानवते. इथली रात्र. बहुतेक कॅक्टस आपली रंध्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, सकाळी ऊन आलं की त्याचं अन्न करतात. रात्र गार असली तर या व्यवहारात पाणी कमी उडतं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, मुंबईसारखी घामट रात्र इथे क्वचित. डिसेंबर-जानेवारीत माझ्या मॅमिलेरियांना मी पाणी जवळजवळ देतच नाही. थंडीत कोरडी राहिलेली झाडं फेब्रुवारी संपता संपता डोक्यावर गुलाबी फुलांचं कडं घालतात. लिथॉप्सचं वेगळं, ते दक्षिण आफ्रिकेकडचे, दगडासारखे दिसणारे सक्युलंट, पावसाळा संपल्यावर वाढणारे. त्यांना तेव्हाच घोटभर पाणी.

[पडद्यावर: पिंपळगाव बसवंतची द्राक्षबाग. मग टेबलावर चाकू आणि रबरबँड.]

कलम मला मामांनी शिकवलं. त्यांच्या बागेत आधी डॉगरिजचं जंगली रोप लावतात, मग त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरतात. मी त्यांना लाल टोपीचा कॅक्टस दाखवला. ते म्हणाले, "अगं, हे तर आपलंच काम झालं. खाली जंगली, वर कलम." अगदी तसंच आहे. वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्यच नाही, एकटा तो जगू शकत नाही. १९४१ साली जपानमध्ये अशी लाल रोपं सापडली आणि कलमावर जगवली गेली. खाली असतो तो तीन धारांच्या कॅक्टसचा खुंट, ड्रॅगन फ्रूटचा भाऊबंद. दोन्हीकडे आडवा काप. कापाच्या मधोमध एक फिकट वर्तुळ दिसतं. वरचं वर्तुळ खालच्याला कुठेतरी भिडलं पाहिजे, नाहीतर कलम वाळून पडतं. रबरबँड लावायचा आणि आठवडाभर हात लावायचा नाही. पण हा खुंट थंडीला नाजूक, त्यामुळे पारा दहाखाली गेला की ही कलमं घरात येतात.

मिलीबग हा किडाही मामांच्या ओळखीचा. पांढऱ्या कापसासारखा तो काट्यांच्या बुडाशी लपतो. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडनं एकेक टिपून काढायचा, आणि कुंडी उलटून मुळंही बघायची.

[पडद्यावर: अंजनेरी. पावसाळी कातळ, गवत.]

इथे मी कुंडी घेऊन येत नाही. अंजनेरीवर सेरोपेजियाची एक जात आहे, तिच्या शास्त्रीय नावातच हा डोंगर आहे: सेरोपेजिया अंजनेरिका. कंदीलपुष्प म्हणतात हिच्या गोताला. फूल कंदिलासारखं, आत शिरलेली माशी केसांमुळे अडकते, केस सुकले की पराग घेऊन सुटते. जुन्नरच्या शिवनेरीवरची शिंदळ माकडी तर सह्याद्रीचीच मांसल खोडाची वनस्पती, सह्याद्रीबाहेर कुठे मिळत नाही. अशी झाडं कुणी हौसेनं उपटली तर उरलेली मोजकी झाडंही संपतील. चिलीतल्या वाळवंटातून खोदून नेलेले सुमारे हजार कॅक्टस २०२० मध्ये इटलीत पकडले गेले. म्हणून मी बी पेरते. अॅस्ट्रोफायटमची दोन झाडं एकाच वेळी फुलली की ब्रशनं पराग या फुलातून त्या फुलात. झाकणाच्या डब्यात रोप उगवतं ते मोहरीएवढं. तिसऱ्या वर्षी रुपयाच्या नाण्याएवढं होतं.

[पडद्यावर: पुन्हा गॅलरी. फूल पूर्ण उमललंय.]

शेजारच्या वहिनींना ब्रह्मकमळाचं पान हवंय. आई कात्रीनं कापून देते.

"लगेच नका हं लावू. तीन-चार दिवस असंच सावलीत पडू दे. कापलेला भाग कोरडा झाला, की मगच मातीत."

"आणि कुठली बाजू खाली?"

"थांबा." आई आत जाऊन पेन आणते आणि पानाच्या खालच्या टोकाला एक रेघ मारते.