पोतोसीची चांदी आणि गावांची वेठ

मित्रहो, स्पॅनिश साम्राज्याने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे काय केले, हा विषय निघाला की तलवारी, घोडे आणि देवीची साथ यांचीच चर्चा होते. ते खोटे नाही. १५३२ मध्ये स्पॅनिश सेनानी पिझारो पेरूतील काहामार्काला पोहोचला, त्याच्या काही वर्षे आधीच बहुधा अशाच एका साथीत इंका सम्राट वायना कापाक मरण पावला होता आणि त्याच्या मुलांमध्ये गादीसाठी युद्ध पेटले होते. मी मात्र आज एका पटाविषयी, म्हणजे माणसांची नावे लिहिलेल्या सरकारी दप्तराविषयी बोलणार आहे, कारण दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतली कित्येक गावे ओस पडली ती या दप्तरामुळे.

आजच्या बोलिव्हियातील पोतोसीच्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. पंचवीसेक वर्षांत वरचे सकस खनिज संपले, आणि उरलेल्या हलक्या खनिजातून चांदी काढायची तर पारा आणि मुबलक मजूर या दोन्हींची गरज होती. पारा पेरूतील वांकावेलिकाच्या खाणीतून मिळाला. मजुरांची व्यवस्था व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने लावली. त्याने डोंगरांत विखुरलेल्या लाखो लोकांना चौकोनी आखणीच्या नव्या गावांत आणून वसवले, त्यांची शिरगणती केली आणि सोळा प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सातव्या हिश्श्याने दरवर्षी पोतोसीला कामाला यावे, असे ठरवून दिले. हा आकडा तेरा हजारांवर जात असे. या व्यवस्थेला ‘मिता’ म्हणत. हे नाव इंकांच्या काळापासूनचे होते. त्या काळीही प्रजेला पाळीपाळीने राज्याचे काम करावे लागे, पण कामाच्या मुदतीत राज्य मजुरांना खाऊपिऊ घाली आणि गावात त्यांची शेते इतरांनी कसायची असा रिवाज होता. स्पॅनिशांनी नाव ठेवले, सक्ती ठेवली आणि राज्याने करायची परतफेड तेवढी सोडून दिली. जुन्याच रिवाजाचे पालन होत आहे, असे माद्रिदला कळवण्याची सोय मात्र झाली.

सतराव्या शतकाच्या आरंभी एका जेझुइट धर्मगुरूने तितिकाका सरोवराकाठच्या चुकुइतो प्रांतातून निघालेल्या मजुरांचे वर्णन लिहून ठेवले आहे. पुरुष २,२००, बायकामुले धरून सात हजारांहून अधिक माणसे, प्रत्येक पुरुषाजवळ आठ-दहा लामा, म्हणजे उंटाच्या कुळातली ओझ्याची जनावरे, आणि वाट सुमारे दोन महिन्यांची. पोचल्यावर एक आठवडा खाणीत आणि दोन आठवडे विश्रांती, असा कागदोपत्री नियम होता, पण खाणीतली मजुरी दिवसाला साडेतीन रेआल (चांदीची स्पॅनिश नाणी) असल्याने आणि त्या महागड्या शहरात तेवढ्यावर कुटुंब जगणे अशक्य असल्याने विश्रांतीचे आठवडेही दुसऱ्या कुणाच्या मजुरीत जात. खनिजाचे ओझे पाठीवर बांधून, पुढच्याच्या अंगठ्याला बांधलेल्या मेणबत्तीच्या उजेडात, कातड्याच्या वादीने बांधलेल्या शिड्यांवरून माणसे वर चढत. बाहेर पाऊल टाकले की चार हजार मीटरहून अधिक उंचीवरची बोचरी थंडी घामेजल्या अंगाला झोंबे.

पुष्कळजण परतले नाहीत. त्यांत मेलेले होते, तसेच पळालेलेही. आपला मूळ गाव सोडून परमुलखात राहणाऱ्याला ‘फोरास्तेरो’ म्हणत आणि त्याला मिता लागू नसे. त्यामुळे जमीन, देवस्थान, नातेवाईक सारे सोडून दुसऱ्या प्रांतात उपरा म्हणून राहणे हाच सुटकेचा सर्वांत खात्रीचा मार्ग ठरला. गाव रिकामे होत गेले, पटावरचा आकडा मात्र सहजासहजी खाली येईना. तो भरून देण्याची जबाबदारी कुराकावर, म्हणजे गावप्रमुखावर होती, आणि आपल्याकडच्या पाटलासारखा तोही सरकार आणि गाव यांच्यामध्ये सापडलेला होता. माणूस नसेल तर त्याच्या बदली रोख चांदी द्यावी लागे, त्यासाठी गावातली जनावरे विकली जात. काही खाणमालक तर खाण बंद ठेवून ही रोकडच घरी नेत. अशा अदृश्य मजुरांना तेव्हा ‘खिशातले इंडियन’ म्हणत. शोषणाचे इतके प्रामाणिक नाव क्वचितच कुणी दिले असेल.

या डोंगरातली चांदी युरोपमार्गे आणि मनिलामार्गे आशियात पोचली. स्पॅनिश अमेरिकेतल्या अशा चांदीचा मोठा साठा सुरतेसारख्या बंदरांतून मोगल टांकसाळींत जाऊन रुपया झाला, हे आपल्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

मितेला विरोध स्पॅनिश राजवटीतूनही झाला. सतराव्या शतकात व्हाइसरॉय काउंट ऑफ लेमोस याने ती बंद करावी, असे राजदरबाराला सुचवले, पण महसुलापुढे त्याचे काही चालले नाही. १७७७ मध्ये तिंता प्रांतातील कुराका होसे गाब्रिएल कोंदोरकांकी लिमाला जाऊन, माझ्या गावांना पोतोसीच्या मितेतून सूट द्या, असा रीतसर अर्ज घेऊन अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. सूट मिळाली नाही. तीनच वर्षांनी त्याने तुपाक आमारू या नावाने बंड पुकारले, आणि त्या बंडाने अँडीजचा मोठा मुलूख पेटवला. मे १७८१ मध्ये इंकांची जुनी राजधानी कुस्को इथल्या चौकात त्याला कुटुंबीयांसह ठार करण्यात आले. मितेची पाळी त्यानंतरही चालूच राहिली. ती रद्द करणारा ठराव स्पेनमधील काडिझच्या संसदेने केला तो १८१२ मध्ये.