डाय घेण्याआधी टरफल मोजा

अध्यक्ष महोदय आणि नेमबाजीची व यंत्रकामाची आवड असलेले नाशिककर श्रोते, ‘रिसाइझिंग डाय कोणत्या कंपनीची घ्यावी?’ या प्रश्नाचे उत्तर ऐकायला जे आले असतील त्यांनी दाराजवळच्या खुर्च्यांवर बसावे, म्हणजे मध्येच उठताना इतरांना त्रास होणार नाही. रिसाइझिंग डाय म्हणजे गोळी झाडल्यावर उरलेले काडतुसाचे पितळी टरफल पुन्हा भरण्याआधी मापात आवळणारा साचा. सातपूर-अंबडकडे कोणीही भेटला की हाच प्रश्न विचारतो आणि ‘तुमच्या रायफलीत उडालेले टरफल किती फुगते?’ असे मी उलट विचारले की तो चहात बिस्किट बुडवू लागतो. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याने मनाई आहे, तेव्हा परवाना नसलेल्यांनी हे व्याख्यान धातुशास्त्र म्हणून ऐकावे.

विषय मुळात पितळाचा आहे. काडतुसाच्या पितळात सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असते. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली जात आणि पुढे पेट्या उघडल्यावर, एकही गोळी झाडलेली नसताना, त्यांच्या माना, म्हणजे गोळी धरणारी अरुंद तोंडे, तडकलेल्या सापडत. अनेक वर्षे दोष नुसताच ऋतूवर ढकलला गेला आणि या विकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ हेच नाव पडले. म्हणजे आपल्या मॉन्सूनने धातुशास्त्रालाही एक शब्द दिला, मात्र त्याचे श्रेय आपण कधी मागितले नाही. १९२१ मध्ये खुलासा झाला तो असा, की घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि काडतूस घडवताना पितळात राहून गेलेला ताण या तिघांनी मिळून ते तडे पाडले होते. यातील ताण काढता येतो; लष्करी टरफलाच्या मानेवर आणि तिच्याखालच्या उतरत्या खांद्यावर जी निळसर-तपकिरी झाक दिसते ती तिथे दिलेल्या उष्णतेचीच खूण असते. आपल्या भांडी बाजारासाठी घडाई करणाऱ्या तांबटालाही हे ठाऊक असते : ठोके बसून पत्रा कडक झाला की तो पुन्हा तापवतो, नाहीतर कड फाटते.

रायफलीत टरफल फुगते, डायमध्ये आवळले जाते, आणि दर फेरीत पितळ कडक होत जाते. म्हणून ज्या डायमध्ये पितळाची हालचाल गरजेपुरतीच होते, ती आपली डाय.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे निवडीचे थोडक्यात सांगतो. बोल्ट-ॲक्शन रायफलीसाठी, म्हणजे दर गोळीला हाताने खिट्टी (बोल्ट) ओढावी लागते तिच्यासाठी, फुल-लेंग्थ, म्हणजे सगळे टरफल आवळणारी, डायच घ्यावी, पण ती डोळे मिटून दाबयंत्रात तळापर्यंत फिरवू नये. उडालेल्या टरफलाचा खांदा मोजून तो ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटरच मागे जाईल अशी बसवावी. स्वयंभरण रायफलीला ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर सैलपणा लागतो. नेक डाय फक्त मान आवळते. तिचे टरफल त्याच रायफलीत वापरायचे असते, आणि काही फेऱ्यांनंतर बोल्ट जड चालू लागला की फुल-लेंग्थ डायकडे यावेच लागते. साध्या डायमध्ये मान आधी जास्त आवळली जाते आणि आतला मणी, म्हणजे एक्स्पांडर, बाहेर येताना ती पुन्हा रुंदावतो, कधी वाकडीही ओढतो. ज्यांना हे टाळायचे आहे त्यांनी मान आवळणारी कडी (बुशिंग) बदलता येते अशी बुशिंग डाय घ्यावी आणि भरलेल्या काडतुसाच्या मानेच्या बाह्य व्यासापेक्षा दोन थाउ (इंचाचे दोन हजारांश) लहान बुशिंगपासून सुरुवात करावी. रायफलीसाठी अतिकठीण कार्बाइडची डाय घेतली तरी वंगण लागतेच. ते विसरल्यास टरफल आत अडकते आणि काढताना बुडाची कड तुटते.

जुन्या ब्रिटिश लष्करी .३०३ रायफलवाल्यांसाठी वेगळे सांगतो. हे काडतूस बुडाच्या कडेवर टेकते आणि जुन्या लष्करी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, खांद्यापुढे पुष्कळ मोकळी जागा असते. दर वेळी खांदा मागे ढकलला, तर टरफल लांबत जाऊन बुडाच्या किंचित वर फाटते, म्हणून तिथे आधी नेक डायचाच विचार करावा. फाटण्याआधी हे ओळखायला बारीक तारेचे टोक वाकवून टरफलाच्या आतून बुडाकडून वर ओढावे. टोक आत पडू लागलेल्या खाचेत अडखळले, तर ते टरफल चिमट्याने चेपून भंगारात टाकावे.