शंभर मेंढरं आणि चार लाख कोटी

मंडळी, दोनदा कर्नाटकचे मुख्यमंत्री झालेल्या सिद्धरामय्यांवर बोलायचं तर आपल्या निपाणी-बेळगाव भागात आधी एक गोष्ट साफ सांगायला लागते. 1983 ला ते पहिल्यांदा आमदार झाले आणि मग कन्नड कावलू समितीचे, म्हणजे कारभारात कन्नड वापरतात का यावर नजर ठेवणाऱ्या सरकारी समितीचे, पहिले अध्यक्ष पण झाले, त्यामुळं भाषेच्या बाबतीत माझं त्यांच्याशी जमणार नाही, उतारे आणि नोटिसा मराठीतनं मिळाव्यात ही आपली मागणी जिथल्या तिथं आहे. पण आजचा विषय हिशेबाचा, आणि तिथं मी या माणसाला मनापासून मानतो.

म्हैसूरजवळचं सिद्धरामनहुंडी हे त्यांचं गाव. कुरुबाचं घर, म्हणजे आपल्याकडचे धनगर. पोरगं गुरं राखायचं, शेतात राबायचं, शाळेचा पत्ता नाही. नंजेगौडा म्हणून एकजण पोरांना वीर कुणित नाच शिकवायचे, त्यांनीच वाळूत अक्षरं गिरवून घेतली आणि मग पोरगं थेट पाचवीत बसलं. बीएस्सी झाली. वकिली शिकतो म्हटल्यावर गावच्या शानभोगानं, म्हणजे आपल्या भाषेत कुलकर्ण्यानं, बापाला सांगितलं की कुरुबाच्या पोराला कायदा कशाला हवा! हे ते स्वतः सभांमधनं सांगतात. तरी शिकले, वकील झाले.

1994 ला देवेगौडांच्या सरकारात अर्थखातं मिळालं, तेव्हा पेपरात लिहून आलं की ज्याला शंभर मेंढरं मोजता येत नाहीत तो राज्याचा हिशेब काय करणार. हेपण तेच सांगतात.

आता मला सांगा, हे लिहिणाऱ्यानं कधी धनगर बघितला होता काय? रानात खतासाठी मेंढरं बसवायची तर किती रात्री, किती धान्य, कोकरं किती, सगळं तोंडपाठ असतं. आणि या समोर बसलेल्या बिडी वळणाऱ्या मावश्या, पान किती दिलं, तंबाखू किती, हजाराला मजुरी काय आणि छाट म्हणून किती बिड्या बाजूला काढल्या, हे यांना रात्री झोपेतनं उठवून विचारा. ज्याच्या घरात पैसा कमी त्याच्या घरात हिशेब कडक, हे मी लहानपणापासनं बघतोय.

1995 ला त्यांनी पहिला अर्थसंकल्प मांडला. जुलै 2023 ला चौदावा, तिथं माजी मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडेंचा तेरा अर्थसंकल्पांचा विक्रम मोडला, आणि मार्च 2025 ला सोळावा, 4.09 लाख कोटींचा. त्यातले 51 हजार कोटी पाच गॅरंटींना, म्हणजे निवडणुकीत वचन दिलेल्या योजनांना. मावशी, तुमच्या खात्यावरचे गृहलक्ष्मीचे दोन हजार आणि चिकोडीला जायचं फुकट तिकीट त्यातनंच. बाईच्या हातात पैसा गेला हे मला पटतं. पण त्याच वर्षी 1.16 लाख कोटींचं कर्ज काढायचं ठरलं, ते मला जड वाटतं, आणि ते फेडताना रस्ते, पाणी, शाळा यांच्या वाट्याला काय उरणार हे आपण विचारायलाच पाहिजे.

विचारायचं तर वाचायला लागतंय. बजेटचं भाषण वित्त खात्याच्या साईटवर कन्नड आणि इंग्रजीत असतं, आपली पोरं कन्नड शिकलेली आहेत, तर पोरांनो, ते उघडा आणि आईला शेजारी बसवून बेळगाव जिल्ह्याचं जिथं जिथं नाव येतं तेवढं तरी मराठीत सांगा.