गिझर किती लिटरचा घ्यावा?

नमस्कार. गिझर घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "घरात माणसं किती?" चार म्हटलं की तो पंचवीस लिटरचा खोका पुढे करतो. आज मला एवढंच सांगायचं आहे, की माणसं मोजून गिझर ठरत नाही. सकाळच्या गर्दीच्या अर्ध्या तासात एका बाथरूममध्ये किती अंघोळी होतात, आणि त्या बादलीने की शॉवरने, यावर तो ठरतो.

हिशोब सोपा आहे, आपण इथेच करू. ठाण्यात नळाचं पाणी वर्षातले बरेच महिने २५ अंशांच्या आसपास धरा. अंघोळीला ४० अंश पुरतं. गिझरचा थर्मोस्टॅट ६० वर असेल, तर २० लिटरची बादली भरायला गिझरमधलं साधारण साडेआठ लिटर पाणी लागतं, बाकीचं थंड. जानेवारीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंशांवर उतरलं, तर त्याच बादलीला दहा लिटर.

आता वेळ पाहा. २ किलोवॅटची कॉइल साडेआठ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला दहा-अकरा मिनिटं घेते. म्हणजे पहिला अंघोळ उरकून बाहेर येईपर्यंत दुसऱ्याची बादली तयार. बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांना, एकामागून एक जात असतील तर, १५ लिटरचा गिझर व्यवस्थित पुरतो. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींतल्या वन बीएचकेत मी हाच सुचवतो.

शॉवर आला की सगळं बदलतं. मिनिटाला ८ लिटरचा शॉवर सहा मिनिटं चालला, तर ४८ लिटर पाणी गेलं, त्यातलं वीसेक लिटर गिझरचं. २५ लिटरच्या टाकीत गरम पाणी वरून निघतं आणि थंड खालून शिरतं, म्हणून एका शॉवरनंतर ती जवळपास रिकामीच समजा. पुन्हा पूर्ण तापायला अर्धा तास. घरात दोघांनाही सव्वासातला निघायचं असेल, तर मागून अंघोळीला जाणाऱ्याला थंड पाणी मिळणार. तिथे मोठी टाकी हवी, किंवा दोन बाथरूमना दोन लहान गिझर. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. पाइप लांब नसला की गरम पाण्याची वाट पाहत बादलीभर पाणी वाया जात नाही.

"मग मोठाच घेऊन ठेवू" हा विचार मात्र सोडा. भरलेली टाकी तापवून ठेवली की तिच्या अंगातून उष्णता सतत जात राहते. स्टार लेबलवर हा चोवीस तासांचा तोटा युनिटमध्ये छापलेला असतो; किमतीआधी तो आकडा वाचा. थंड देशांत जमिनीखालून गरम पाणी फिरवून घर उबदार ठेवतात, तिथेही बॉयलर निवडताना आधी कडाक्याच्या दिवशी भिंती, खिडक्या, छत यांतून तासाला किती उष्णता बाहेर जाते ते मोजतात. गरजेपेक्षा मोठा बॉयलर सतत चालू-बंद होत राहतो, आणि लवकर झिजतो.

इन्स्टंट, म्हणजे पाणी वाहता वाहता तापवणाऱ्या छोट्या गिझरबद्दल थोडक्यात: ३ किलोवॅटचा इन्स्टंट सलग वापरात, पाणी १५ अंशांनी तापवायचं तर मिनिटाला तीनच लिटर देतो. भांड्यांना छान, शॉवरला नाही.

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये लिटरइतकाच दाबाचा आकडा महत्त्वाचा. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली आलं की दाब साधारण एक बारने वाढतो. म्हणून खालच्या मजल्यांवर, आणि वरच्या मजल्यांना पंपाने पाणी जात असेल तर तिथेही, ८ बारपर्यंत सोसणारा गिझर घ्या. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून प्लंबरला सांगून कुणी तो बंद करून घेऊ नका; दाब बाहेर पडायची तीच वाट आहे. आणि टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर चढतो. वर्षातून एकदा झाकण उघडून साफ करून घ्या.

शेवटचं गॅस गिझरचं, आणि हे मी हात जोडून सांगतो. त्याला ताकद भरपूर, मिनिटाला सहा लिटर सहज देतो. पण हवा पुरेशी नसली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो बंद बाथरूममध्ये लावू नका. लावलेला असेल, तर उघड्या हवेत हलवून घेईपर्यंत वापरू नका.