लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड व्हर्च्युअल मशीनला देताना

नमस्कार. आज इथे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना एकच गोष्ट हवी असेल: मुख्य सिस्टिम लिनक्स ठेवायची, तिच्यावर व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात) विंडोज चालवायचं आणि त्या विंडोजला खरंखुरं ग्राफिक्स कार्ड द्यायचं. डेस्कटॉपवर हे काम आता बऱ्यापैकी रुळलंय. लॅपटॉपवर मात्र त्याच कमांड त्याच क्रमाने दिल्या तरी घोडं अडतं. दोष बहुतेक वेळा कमांडमध्ये नसतोच. डेस्कटॉपमधलं कार्ड हा सुटा भाग असतो. लॅपटॉपमधलं कार्ड स्क्रीन, फर्मवेअर (यंत्रातच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर) आणि बॅटरी यांच्यात पुरतं गुंतलेलं असतं. म्हणून माझा आग्रह आहे की आधी आपल्या लॅपटॉपची जोडणी समजून घ्या, मग कॉन्फिगरेशनला हात लावा.

पाया आधी पक्का करू. ग्राफिक्स कार्ड रॅममध्ये थेट वाचतं आणि लिहितं, दर वेळी प्रोसेसरला मध्ये घेत नाही. यालाच डीएमए म्हणतात. आता गेस्टमधला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या सिस्टिमचा, ड्रायव्हर कार्डाला एखादा पत्ता देतो, तेव्हा तो गेस्टच्या हिशेबातला पत्ता असतो. खऱ्या रॅममध्ये त्याच पत्त्यावर होस्टचं, म्हणजे मुख्य लिनक्सचं, भलतंच काही असू शकतं. कार्डाने तिथे लिहिलं तर होस्ट कोसळेल. हे रोखतं ते आयओएमएमयू नावाचं हार्डवेअर. कार्डाकडून आलेला प्रत्येक पत्ता ते खऱ्या पत्त्यात बदलतं आणि हद्दीबाहेरचा असेल तर अडवतं. इंटेलकडे त्याचं नाव व्हीटी-डी, एएमडीकडे एएमडी-व्हीआय. बायोसमध्ये ते चालू नसेल तर पुढचं काहीच होणार नाही. लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम २००७ साली आलं आणि आयओएमएमयूच्या आधाराने उपकरण सुरक्षितपणे सुपूर्द करणारं व्हीएफआयओ २०१२ साली, कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.६ मध्ये.

याचा एक परिणाम लोकांच्या उशिरा लक्षात येतो. कार्ड गेस्टच्या मेमरीच्या कोणत्याही पानावर कधीही लिहू शकतं, त्यामुळे गेस्टची सगळी रॅम जागच्या जागी खिळवून ठेवावी लागते. ती डिस्कवरच्या स्वॅपमध्ये जात नाही, गरजेनुसार कमी-जास्तही होत नाही. १६ जीबीच्या लॅपटॉपवर गेस्टला ८ जीबी दिली, की मशीन सुरू होताच अर्धी रॅम होस्टच्या हातून गेली असं समजा.

आयओएमएमयूच्या गटांबद्दल थोडक्यात सांगतो. एका गटातली उपकरणं एकमेकांपासून वेगळी राहतील याची हमी नसते, म्हणून गट अख्खाच द्यावा लागतो. कार्डासोबत त्याचा ऑडिओ भाग असतो, काही कार्डांवर यूएसबी-सीचा कंट्रोलरही असतो. ते सगळं बरोबर जातं. गटात वायफाय किंवा एनव्हीएमई डिस्क अडकली असेल, तर कर्नलला पॅच लावून गट फोडायची युक्ती सांगणारे भेटतील. मी ती सुचवणार नाही. त्या पॅचने हार्डवेअर काही बदलत नाही, फक्त कर्नल ते वेगळं आहे असं मानून चालतो. ज्या संरक्षणासाठी हा सगळा खटाटोप, तेच त्याने हातचं जातं.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ: चित्र बाहेर पडतं कुठून? पुष्कळ लॅपटॉपमध्ये स्क्रीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेली असते. मोठं कार्ड चित्र तयार करतं आणि ते त्या छोट्या ग्राफिक्सच्या मेमरीत उतरवलं जातं. एनव्हिडियाने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाने आणलेली रचना हीच. असं कार्ड गेस्टला दिलं तर ते काम करेल, पण दाखवणार कशावर? टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci) ही उपकरणांची यादी देणारी कमांड चालवून बघा. कार्डापुढे 'थ्रीडी कंट्रोलर' लिहिलं असेल, तर त्याला बाहेर जाणारी एकही तार नाही असं धरून चाला. 'व्हीजीए कंपॅटिबल कंट्रोलर' असेल तर आशा आहे. तरी तेवढ्यावर थांबू नका. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयला लावा आणि सिसएफएसमधल्या डीआरएमच्या फोल्डरमध्ये (/sys/class/drm) बघा: प्रत्येक कार्डाच्या नावापुढे त्याचे कनेक्टर दिसतात आणि प्रत्येकाच्या स्टेटस फाइलमध्ये जोडलेला आहे की नाही ते लिहिलेलं असतं. एचडीएमआय मोठ्या कार्डाच्या नावावर निघाला, तर तुमचं निम्मं काम झालं. काही लॅपटॉपमध्ये मक्स असतो, म्हणजे आतली स्क्रीन कोणत्या कार्डाला जोडायची हे बदलता येतं. तसं असेल तर उत्तमच.

दुसरा गुंता फर्मवेअरचा. सुट्या कार्डावर त्याचं स्वतःचं व्हीबायोस (कार्डाचं फर्मवेअर) चिपमध्ये असतं. लॅपटॉपमध्ये ते अनेकदा मुख्य फर्मवेअरच्या पोटात असतं आणि ड्रायव्हर ते एसीपीआयमार्फत (फर्मवेअरने सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देण्याच्या व्यवस्थेतून) मागून घेतो. गेस्टचं एसीपीआय वेगळं असल्याने तिथे मागणी केली तर हाती काहीच येत नाही. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळं चिन्ह आणि खाली 'कोड ४३' दिसतो. पूर्वी एनव्हिडियाचा ड्रायव्हर व्हर्च्युअल मशीन ओळखूनच हा कोड द्यायचा. २०२१ मध्ये, ४६५ या मालिकेपासून, कंपनीने जीफोर्ससाठी ती अडवणूक काढली. तरीही लॅपटॉपवर कोड ४३ दिसला, तर व्हीबायोसची फाइल मिळवून ती क्यूईएमयूला (व्हर्च्युअल मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रॅमला) द्यावी लागते, आणि काही कार्डांसाठी गेस्टच्या एसीपीआयमध्ये रॉमची पद्धतही (मागितल्यावर व्हीबायोस देणारा कोड) जोडावी लागते. कार्डाचा सबसिस्टिम आयडी (ते कोणत्या उत्पादकाच्या कोणत्या मॉडेलमधलं आहे हे सांगणारा क्रमांक) मूळ लॅपटॉपसारखाच राहिला आहे ना, तेही तपासा. मोबाइल कार्डांचे काही ड्रायव्हर तर बॅटरी शोधतात! गेस्टला बॅटरी नसते, म्हणून एका छोट्या एसीपीआय टेबलातून खोटी बॅटरी दाखवायची, की कोड ४३ जातो. ड्रायव्हर लॅपटॉपच्या किती गोष्टी गृहीत धरून लिहिलेला असतो, हे यातून मला फार स्पष्ट दिसतं.

गेस्टचं चित्र लॅपटॉपच्याच स्क्रीनवर हवं असेल तर लुकिंग ग्लास हे सॉफ्टवेअर वापरा. गेस्टने काढलेली फ्रेम होस्ट आणि गेस्टच्या सामायिक मेमरीत येते आणि होस्ट ती खिडकीत दाखवतो. १९२० बाय १०८० साठी ३२ एमबी मेमरी पुरते. मात्र गेस्टला आपल्याला मॉनिटर जोडलेला आहे असं वाटलं पाहिजे. त्यासाठी एचडीएमआयला छोटा डमी प्लग लावतात किंवा गेस्टमध्ये आभासी डिस्प्लेचा ड्रायव्हर बसवतात.

आणि कार्डाला खरोखरच एकही तार नसेल तर? तुमचं काम गणनेचं असेल, मॉडेल शिकवायची असतील किंवा रेंडर काढायचे असतील, तर गेस्टमध्येही लिनक्सच ठेवा. कुडाला (एनव्हिडियाच्या कार्डावर गणना करण्याच्या प्रणालीला) स्क्रीन लागत नाही. एसएसएचने (नेटवर्कवरून टर्मिनल उघडून) आत शिरायचं आणि काम लावायचं. डिस्प्लेचा सगळा खटाटोप टळतो, कोड ४३ हा विंडोजचा प्रकार असल्याने तोही तिथे दिसणार नाही, आणि उरते ती फक्त व्हीबायोसची तपासणी.