दर सोमवारी, संध्याकाळी पाच

लाइपझिग शहर, तेव्हाचा पूर्व जर्मनी. पडद्यावर दिसतंय ते सेंट निकोलस चर्च. आतले हे पांढरे खांब वर पोचता पोचता ताडाच्या झावळ्यांसारखे उमलतात.

सप्टेंबर १९८२पासून इथं दर सोमवारी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना होऊ लागली. दोन्ही जर्मनींच्या भूमीवर अण्वस्त्रांची स्पर्धा चालली होती, ती धास्ती. कधीकधी बाकांवर मोजकीच डोकी असायची. तरी वार ठरलेला, वेळ ठरलेली. बाहेर चार माणसं जमवायची तर सरकारची परवानगी हवी. चर्चच्या आत प्रार्थनेला ती लागत नसे. म्हणून पर्यावरणवाले आले, बंदूक हाती घ्यायला नकार देणारे तरुण आले, देश सोडायला अर्ज केलेले आले. दारावर पाटी होती : सर्वांसाठी खुले.

सगळं गुण्यागोविंदानं चाललं, असं मात्र नाही. १९८८मध्ये चर्चच्याच वरिष्ठांनी प्रार्थनेची आखणी या गटांच्या हातून काढून घेतली. चिडलेले कार्यकर्ते मग बाहेरच्या चौकात बोलू लागले. त्या भांडणानंच प्रार्थना रस्त्यावर आणली, असं म्हणायला हरकत नाही.

९ ऑक्टोबर १९८९. बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात गोळीबार होऊन जेमतेम चार महिने झालेत. तीनच दिवसांपूर्वी इथल्या वर्तमानपत्रात सशस्त्र कामगार दलाच्या एका कमांडरची धमकी छापून आलीय : वेळ पडली तर हातात शस्त्र घेऊ.

दुपारीच सत्ताधारी पक्षाची शेकडो माणसं चर्चमध्ये येऊन बाकं अडवून बसली. पाळक ख्रिस्टियान फ्यूरर यांनी त्यांना हुसकलं नाही. त्यांनी वरचे सज्जे तेवढे बंद ठेवले. कामावरून सुटून येणाऱ्यांनाही जागा हवी ना! जागा अडवायला पाठवलेल्यांना मग अख्खी प्रार्थना ऐकावी लागली.

त्या संध्याकाळी शहरातल्या चार चर्चमध्ये एकाच वेळी प्रार्थना झाली. संगीतकार कुर्ट मझूर आणि आणखी पाच जणांचं आवाहन तिथं वाचलं गेलं, रस्त्यांवरच्या भोंग्यांतूनही घुमलं : शांतता राखा. त्या पाचांत पक्षाचे तीन पदाधिकारी होते, ही बाब साधी नव्हे.

दारं उघडली, तर बाहेर माणसांचा पूर. एकूण सत्तर हजारांच्या वर. कित्येकांच्या हातात मेणबत्त्या. फ्यूरर पुढं सांगायचे, मेणबत्ती धरायची आणि वाऱ्यापासून जपायची तर दोन्ही हात गुंततात. दगडाला हात उरत नाही.

जमाव शहराभोवतीच्या वळणरस्त्यावरून चालत गेला. पोलीस मागं सरले. गोळी सुटली नाही.

ही थरथरती दृश्यं दोन तरुणांनी दुसऱ्या एका चर्चच्या मनोऱ्यावरून लपून टिपली. चित्रफीत चोरून पश्चिम बर्लिनला गेली आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या टीव्हीवर दिसली. तो टीव्ही पूर्वेतही घरोघर बघितला जायचा.

पुढच्या सोमवारी लाखाच्या वर लोक आले. १८ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीचे सर्वोच्च नेते होनेकर पायउतार झाले. बर्लिनची भिंत उघडायला अजून तीन आठवडे होते.