पैठणीचं जॅकेट

नमस्कार मंडळी! आज बोलूया कपड्यांवर, म्हणजे फॅशनवर नाही हं, लोकांचे कपडे बघून आपण जी नाकं मुरडतो ना, त्यावर. माझं म्हणणं एवढंच की जो स्वतः एकदा काहीतरी हटके घालून चारचौघांत फिरून येतो, त्याचं दुसऱ्याला नावं ठेवणं आपोआप कमी होतं.

आमच्या सासऱ्यांचंच ऐका, नाना म्हणतो आम्ही त्यांना. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर रनिंग कॉमेंट्री. तर सासूबाईंची लग्नातली येवल्याची पैठणी घड्यांवर विरली होती, अंग सगळं गेलेलं पण पदर शाबूत, मोर अगदी काल विणल्यासारखे, त्या बोहारणीला द्यायला निघाल्या तर नानांनी ती चक्क काढून घेतली आणि भद्रकालीतल्या टेलरकडून बिनबाह्यांचं जॅकेट शिवून आणलं. पाठीवर मोर!

रविवारी तेच घालून आम्हा सगळ्यांबरोबर मिसळ खायला. हॉटेलात शिरलो तर एक बाई नवऱ्याला कोपरानं ढोसतायत, पलीकडचं टेबल फिदीफिदी हसतंय, आणि नाना घामाघूम. मला हळूच म्हणतात, "काढू का गं हे?" तेवढ्यात एक पोरगा आला, केस निळेशार, एरवी नानांनी त्याची सालंच काढली असती. म्हणतो, "काका, जॅकेट एक नंबर! जरा पाठमोरे उभे राहता का, फोटो काढतो." राहिले की नाना उभे! आणि मग त्याला विचारतात, "हा रंग उशीला लागतो का रे?" तो म्हणे, "लागतो ना, आई जाम ओरडते." झालं, गप्पांत रस्सा गार. (मिसळीवर चीज किसणाऱ्यांना मात्र मी कधीच माफ करणार नाही, ते वेगळं.)

तेव्हापासून गॅलरीतली कॉमेंट्री थंडावली. पुन्हा सांगते, बघणारे आपण रोजच असतो, पण त्या नजरा एकदा स्वतःच्या अंगावर घेतल्या की समोरच्याला हसण्याआधी जीभ अडखळते. नाहीतर आपला हिशोब बघा, सिंहस्थात भस्म फासलेल्या साधूला हात जोडायचे आणि भाच्यानं केस रंगवले की डोळे वटारायचे. भिकबाळी चालते, डूल चालत नाही. बालगंधर्वांचं बघून तर बायका साडी नेसायच्या, दागिने घडवायच्या, तेव्हा कुणाचं काय बिघडलं?

नाना अगदी संत झालेत असं नाही हं. परवा नणंदेची लेक गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून आली, तर म्हणाले, "फाटकं ते फाटकं, वर पैसे मोजून?" ती म्हणाली, "आजोबा, तुमचं जॅकेट कशाचंय?" नाना म्हणाले, "त्याला अस्तर आहे."